एक दोरा, एक ओळ

घरातलं सगळ्यांत जुनं सुती कापड कोणतं, ते आधी आठवा. लगेच उठून आणू नका. बसल्या जागीच मनातल्या मनात कपाट उघडा. वरच्या कप्प्यात इस्त्रीचे कपडे असतील, त्याखाली सणावाराच्या साड्या. त्या तशाच राहू द्या. अगदी तळाशी, किंवा दिवाणाच्या खणात, किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत एखादं बोचकं असेल. आजीचं विटलेलं लुगडं, वडिलांचं धोतर, काठ उसवलेली पाचवारी, धुऊन धुऊन विरत आलेली चादर. वापरात नाही आणि टाकवतही नाही, असं जे त्यात आहे तेच आपल्याला गोधडीसाठी हवं आहे.

आता उठा, ते बोचकं घेऊन या, आणि त्यातलं एक कापड मांडीवर पसरा. डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवा. सावकाश, या काठापासून त्या काठापर्यंत. एकाच कापडाचे किती वेगवेगळे स्पर्श आहेत ते हाताला कळू द्या. काठाजवळ ते जाडसर लागेल. पदराकडे कमी झिजलेलं असेल. बसण्या-उठण्याच्या जागी, कमरेला खोचून खोचून घडी पडलेल्या जागी ते इतकं पातळ झालं असेल, की तळहाताला जेमतेम जाणवेल. मग डोळे उघडा आणि कापड खिडकीच्या उजेडाकडे धरा. हाताला जे कळलं होतं ते आता दिसेल: कुठे वीण अजून घट्ट आहे, कुठे विरळ झाली आहे, कुठे आडवे धागे तुटून नुसते उभे उरले आहेत. अशा विरळ जागी दोन्ही अंगठ्यांत कापड धरून हलकेच ताणा. टरकलं, तर तो भाग गोधडीच्या पोटात जाईल. टिकलं, तर तो वर किंवा खाली, जिथे रोज हात लागणार तिथे.

गोधडीची सुरुवात या निवडीने होते, आणि तिला भरपूर वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. हौसेने शिकायला निघालेल्या माणसाची पावलं पहिल्यांदा दुकानाकडे वळतात. रंग जुळवून कापलेले तुकडे, छापलेली नक्षी, डबीतल्या चकचकीत सुया, लाकडी रिंग. तो आनंद खरा आहे, पण पहिल्या कामाला त्याचा उपयोग नाही. नव्या कापडात खळ असते, त्याची वीण आवळलेली असते. नवशिक्याच्या हातातली सुई तिथे अडते, बोट दुखतं, आणि जोर लावला की टाका वाकडा जातो. जे कापड वर्षानुवर्षं पाण्यातून आणि उन्हातून गेलेलं असतं, ते सुईला वाट देतं. चार पदर एकावर एक ठेवले तरी ती सहज आरपार जाते. म्हणून जुनं कापड घ्यायचं. काटकसर हे त्याचं एक कारण झालं. हाताला शिकायला तेच सोपं, हे त्याहून मोठं कारण. आपल्याकडे नवजात बाळाला पहिल्यांदा जुनं, मऊ झालेलं कापड लावतात आणि दुपटंही जुन्या लुगड्याचं करतात, त्यातही हाच अनुभव आहे.

घरात असं काही नसेलच, तर बाजारातून साधं मांजरपाट किंवा मलमल आणा, पण ते रात्रभर पाण्यात भिजत घाला, दुसऱ्या दिवशी धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि हे दोनदा करा. खळ निघते, आणि जे आटायचं ते आधीच आटतं. जुन्या कापडातही लाल आणि निळ्या रंगाची खात्री करून घ्या: ओल्या पांढऱ्या चिंधीने कोपरा घासून बघा. रंग उतरला, तर ते कापड वेगळं धुवा किंवा सरळ बाजूला ठेवा.

आता क्षणभर थांबा. कापड मांडीवरच असू द्या. ते कुणाचं होतं, हे आठवा.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्या माणसांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतावर घालायच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, मग त्या न्यूयॉर्कला गेल्या, आणि ज्या गोधड्यांवर पोरं झोपायची त्या भिंतीवर टांगलेल्या बघायला लोक रांगा लावू लागले. त्यांतली एक 1942 सालची आहे. मिझूरी पेटवे या बाईंचा नवरा गेला, तेव्हा त्यांनी त्याचे कामाचे कपडे उसवले आणि त्यांची गोधडी केली, त्याच्या आठवणीला, अंगावर पांघरायला. विजारीच्या गुडघ्यांवरचे डाग, उन्हाने उडालेला निळा रंग, सगळं त्या गोधडीत जसंच्या तसं दिसतं. त्या कपड्यांतला झिजलेला भाग त्यांनी लपवला नाही.

आपल्या घरांतही हे होतं. माणूस गेल्यावर काही महिन्यांनी कुणीतरी कपाट उघडतं, आणि त्यातली लुगडी वाटून घेतली जातात. ज्या घरात सुई चालते, तिथे त्यांची वाकळ होते आणि नातवंडं ती पांघरतात. मांडीवरचं कापड अशा कुणाचं असेल, तर त्याला कात्री लावायच्या आधी जितका वेळ लागेल तितका घ्या. आज नको वाटलं, तर घडी घालून ठेवून द्या आणि दुसरं काढा. पहिल्या कामाला जिवापाड जपलेलं कापड घेऊच नये. ज्याच्याकडे मायेने बघता येईल, पण ज्यावर टाका चुकला तर छातीत धस्स होणार नाही, असं निवडा.

अंगावर चिंध्यांची वाकळ आणि हातात खराटा घेऊन गाडगेबाबा गावोगाव फिरले. कुठे त्यांना गोधडेबुवा म्हणत, कुठे चिंधेबुवा. 1956 साली ते गेले. दारोदार मिळालेल्या तुकड्यांत कोणता तुकडा कुणाच्या घरचा, हे त्या वस्त्राला विचारायची सोय नव्हती, आणि ते वस्त्र मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. तुमच्या बोचक्यातही शेजारणीने दिलेला, बहिणीच्या घरून आलेला एखादा तुकडा असेल. तोही घ्या.

सामानाचं चटकन सांगते. मध्यम जाडीच्या सुयांचं एक पाकीट. सुईचा नंबर जसा वाढतो तशी ती बारीक होत जाते, म्हणून सुरुवातीला मधला नंबर आणि लांबट नेढं असलेली सुई मागा. पोत्याचा दाभण चार पदरांच्या मऊ सुताला नको, भोकं राहतात. एक धारदार लहान कात्री. मधल्या बोटासाठी अंगुस्तान. पहिल्या दिवशी ते अडचणीचं वाटतं, आठवड्याने त्याच्याशिवाय सुई ढकलवत नाही. मेणाचा खडा. आणि भरतकामाचा सुती दोरा, जो सहा पदरांच्या लडीत मिळतो. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी शिवणसामानाच्या दुकानात हे सगळं असतं. दोरा सुतीच घ्या, याबद्दल मी आग्रही आहे. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही खरा, पण जुन्या कापडात दोरा कापडाहून चिवट झाला, की ताण आल्यावर फाटतं ते कापड.

आता माप. पहिली गोधडी एक हात लांब, एक हात रुंद अशी करा, म्हणजे साधारण 45 सेंटीमीटरचा चौकोन. बसायला आसन होईल किंवा पाटावर घालता येईल. मोठी पांघरायची गोधडी आत्ता मनात आणू नका. ती अर्धवट राहते, आणि अर्धवट राहिलेली गोधडी दर वेळी कपाट उघडलं की माणसाला खट्टू करते. चौकोनाला चारही बाजूंनी दोन बोटं जास्त धरून चार तुकडे कापा. सगळ्यांत टिकाऊ दोन तुकडे वर आणि खाली, विरलेले दोन मध्ये. वरच्या तुकड्यावर नक्षी काढायची इच्छा असेल, तर त्याबद्दल पुढे बोलू. आत्ता तो साधाच असू द्या.

फरशी पुसून कोरडी करा. खालचा तुकडा अंथरा. चारही कोपरे तळहाताने बाहेरच्या बाजूला सारून सुरकुती काढा. त्यावर दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येक थर घातल्यावर मधोमध तळहात ठेवा आणि कडेकडे न्या. या हालचालीला घाई केली, तर नंतर आत चुणी पडते आणि ती बाहेरून काढता येत नाही. गावाकडे मोठी गोधडी अंगणात अंथरतात, तेव्हा कोपऱ्यांवर दगड ठेवतात. तुम्ही वाट्या किंवा पुस्तकं ठेवा. मग पांढऱ्या दोऱ्याने कच्चा दोरा घाला: लांब लांब टाके, वीतभर अंतराने उभे आणि आडवे. हा दोरा शेवटी काढून टाकायचा आहे, त्यामुळे तो दिसायला कसाही असला तरी चालेल. चारही थर आता हलत नाहीत ना, हे एक कोपरा उचलून बघा.

आज एवढंच करा. पाठ मोकळी करा, मान दोन्हीकडे वळवा, आणि थर घातलेलं कापड सपाट गुंडाळून ठेवा. पुढचा भाग दुसऱ्या दिवशी, दिवसाच्या उजेडात.

*

लडीतून दोरा काढा, बोटांच्या टोकांपासून खांद्यापर्यंत येईल एवढा. त्याहून लांब घेतला, तर तो ओढताना पिळतो, त्याला गाठी बसतात, आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन तो कुसतो. सहा पदरांतले तीन हवे आहेत. तिन्ही एकदम ओढू नका. एक पदर चिमटीत धरा आणि सरळ वर काढा. खालचे पाच गोळा होतील आणि पुन्हा सुटतील. असे तीन वेगवेगळे काढून एकत्र करा, मेणावरून एकदा फिरवा. टोक तिरकं कापा. नेढ्यात ओवा. ओवलं गेलं नाही, तर घरातल्या लहान मुलाला हाक मारा. आजीला सुई ओवून देणं हे घराघरातलं पोरांचं काम होतं. ते पुन्हा सुरू झालं तर बरंच आहे.

शेवटी बारीक गाठ मारा. ती कुठे लपवायची याची पद्धत आहे: ओळ जिथे सुरू होणार, तिथून दोन बोटं अलीकडे सुई फक्त वरच्या थरात घाला आणि ओळीच्या सुरुवातीला बाहेर काढा, मग हलका हिसका द्या. गाठ वरच्या थरातून आत जाते. कापड फार विरलेलं असेल, तर हिसका देऊ नका. गाठ खालच्या बाजूला उघडीच राहू द्या. गावातल्या कित्येक गोधड्यांच्या पाठीवर अशा गाठी असतात आणि त्यांनी कुणाची झोप मोडलेली नाही.

पहिली ओळ चौकोनाच्या मधोमध घाला. तिथून नंतर दोन्ही बाजूंना जायचं, म्हणजे थरांत काही ढिलेपणा राहिला असेल तर तो कडेकडे सरकतो. पेन्सिलीने फुटपट्टी धरून एक फिकट रेघ ओढा, फक्त या पहिल्या ओळीसाठी.

आता डावा हात कापडाखाली घ्या. तर्जनी वर करून ज्या जागी सुई खाली येणार तिथे टेकवा. उजव्या हाताने सुई सरळ खाली घाला. खालच्या तर्जनीला टोक टोचलं, की थांबा. तेवढ्याच टोचण्याची गरज आहे, त्याहून जास्त नको. त्या टोचण्याने कळतं, की चारही थर पार झाले. मग खालच्या बोटाने सुईचं टोक हलकेच वर लोटा, आणि ते वर दिसलं की पुन्हा खाली. असे तीन-चार टाके सुईवर जमू द्या. मग अंगुस्तानाने सुई ढकला आणि दोरा ओढा. कापड चुणेल इतका नको. दोरा नुसता कापडावर येऊन टेकला की पुरे.

हा धावदोरा. एवढाच एक टाका. या चौकोनासाठी दुसरा लागत नाही.

आता पुढचे काही टाके घालताना लक्ष वरच्या हातावरून काढून घ्या. वरचा हात दिसतो, म्हणून आपण त्याच्याकडेच बघत राहतो, आणि टाका लहान आला, मोठा आला, याची मोजदाद करत राहतो. लक्ष खालच्या तर्जनीवर आणा. ती काही बघत नाही. ती वाट बघते, टोक येतं, ती कळवते. गोधडी शिवलेल्या बाईच्या डाव्या तर्जनीवर बारीक खरखरीत जागा असते, ती यानेच. शिकण्याचा मोठा भाग त्या बोटात होतो, आणि तो कुणी दुसरा तुमच्यासाठी करू शकत नाही. कुणी कितीही चांगलं शिकवलं, तरी सुई तीन थरांतून गेली की चारांतून, हे फक्त तुमचंच बोट सांगेल. त्याला पाच-दहा ओळी लागतात. तोवर त्याच्यावर रागावू नका.

टाके सारखे येत नाहीत, हे एव्हाना दिसलं असेल. एक अर्ध्या सेंटीमीटरचा, दुसरा त्याच्या दुप्पट, एक जवळजवळ दिसतच नाही. ओळ रेघ सोडून खाली उतरली असेल. तिफणीने तास ओढणारा माणूस जसा पायाशी न बघता बांधाकडे बघतो, तशी नजर ओळीच्या शेवटाकडे ठेवा, टाक्याकडे नको. ओळ आपोआप सरळ होत जाते. आणि ही पहिली ओळ उसवू नका. ती सरळ करायच्या नादात जुनं कापड दुसऱ्यांदा टोचलं जातं आणि विरतं. शिवाय पंचविसाव्या ओळीबरोबर ती राहिली, तर हाताने काय काय उचललं हे तुम्हाला दिसेल, एरवी दिसणार नाही.

ओळ संपत आली, की दोराही संपत आलेला असेल. मुद्दामच तेवढा घेतला होता. बारीक गाठ मारून सुई थरांच्या मध्ये घाला, दोन बोटं पुढे काढा, दोरा कापा.

सुई खाली ठेवा. दोन्ही हात उघडून बोटं ताणा. दूर कुठेतरी बघा, डोळ्यांचे स्नायू सैल होऊ द्या. दर ओळीनंतर हा थांबा घ्यायचा आहे. एक दोरा, एक ओळ, मग थांबणं. ओळींमध्ये एक बोट अंतर ठेवलं, तर या चौकोनात पंचवीसेक ओळी बसतात. अर्ध्या सेंटीमीटरचा टाका आणि तेवढीच मोकळी जागा धरली, तर हजारावर टाके. आकडा मोठा वाटतो, पण रोज एक ओळ घातली, तरी महिना भरायच्या आत चौकोन पुरा होतो. एका दिवशी दहा ओळी घालायची हुक्की आली, तरी घालू नका, निदान पहिल्या आठवड्यात तरी. बोटं सुजतात आणि मनही विटतं.

*

दुसऱ्या ओळीचा दोरा ओवताना उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांचा विचार करा. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात हा समाज राहतो. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं. त्यांतले काही गोव्यातून निसटून घाटाच्या रानात शिरले. त्यांची बोली कोकणीच्या कुळातली आहे. त्या बायका जुन्या कपड्यांची कवंडी शिवतात, आणि त्या कडेपासून सुरुवात करतात, आपण आत्ता करतोय तशी मधून नव्हे. एका कोपऱ्यातून निघून चारही कडांनी फिरत, चौकोनात चौकोन, मध्याकडे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गोधड्याही अशाच शिवल्या जातात. कोपऱ्यांवर सिद्दी बायका रंगीत चिंध्यांच्या थरावर थर घातलेल्या तिकोनी घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि ती लावल्याशिवाय कवंडी पुरी झाली असं मानत नाहीत. ज्यांच्याकडून सगळं हिसकावलं गेलं होतं, त्यांनी कापडाच्या कोपऱ्याला फूल लावायचं सोडलं नाही. यावर थोडा वेळ विचार करा. मग ओळ घाला.

पुढच्या कुठल्या तरी ओळीला जपानच्या उत्तरेकडे जा. तोहोकू भागात थंडी फार, आणि कापूस तिथे पिकत नसे. शेतकरी झाडाच्या सालीच्या जाडसर धाग्याचं कापड घालत. त्यातून वारा आत शिरे. म्हणून बायका निळीत रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालत, इतका दाट, की कापडाची भोकं बुजत आणि थर एकमेकांना धरून राहत. ऊब हवी होती म्हणून टाका आला. तो दाट घालता घालता त्यात चौकटी, लाटा, षट्कोन उमटले. सशिकोची नक्षी म्हणून आज जी जगभर ओळखली जाते, ती ही. गोधडीची ऊबही अशीच असते: थरांमध्ये अडकलेल्या हवेची, आणि तिला धरून ठेवणाऱ्या टाक्यांची.

बंगालमध्ये कांथा शिवणाऱ्या बायका पूर्वी दोराही विकत आणत नसत. जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे ओढून काढायच्या आणि त्यांनीच मोर, कमळ, पालख्या भरायच्या. तुमच्या कापडाला जुना रंगीत काठ असेल, तर कडेचा एक धागा सुईच्या टोकाने मोकळा करून ओढून बघा. तुटला तर दुसरा. वीतभर सलग निघाला, तर आजच्या ओळीतले चार टाके त्याने घाला.

असं बघत गेलं, तर धावदोरा कुणा एका गावचा नाही, आणि तो कुणाकडून शिकलात याचा हिशेबही लागत नाही. पण आपल्या हातात तो आपल्या चालीने येतो. बाराव्या-पंधराव्या ओळीच्या सुमाराला तुमच्या टाक्याची एक लांबी ठरलेली दिसेल. कुणाचा टाका तांदळाच्या कणीएवढा असतो, कुणाचा ऐसपैस. तो ठरला, की बदलायला जाऊ नका. मोजपट्टी लावून सारखे केलेले टाके मला कधी भावले नाहीत. मशीन ते काम जास्त चांगलं करतं, आणि ते मशीनकडेच असू द्यावं.

*

नक्षीबद्दल मघाशी म्हटलं होतं. पंचवीस ओळी झाल्या, की चौकोनाचा एक कोपरा निवडा. कागदावर काही काढू नका, छापील चित्र शोधू नका. अंगणात किंवा जिन्याच्या पायरीवर ठिपक्यांची रांगोळी घालता येत असेल, तर तुम्हाला नक्षी येते. पेन्सिलीने पाच बाय पाच ठिपके द्या, ठिपक्यांत एक बोट अंतर. त्यांतून लहानपणापासून हातात असलेली एखादी साधी आकृती जोडा, चौकटीचं फूल किंवा चांदणी, आणि त्या रेषांवरून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने तोच धावदोरा घाला, चारही थरांतून. भरतकामाची सुरुवात झाली. नव्या टाक्याची गरज पडलेली नाही.

रेषा जरा ठसठशीत हवी असं वाटलं, तर साखळी टाका शिका. तो या घडीला हाताला जमेल. सुई वर काढा. दोऱ्याचा छोटा फास कापडावर ठेवून डाव्या अंगठ्याने दाबा. जिथून सुई वर आली, त्याच्याच शेजारी ती परत खाली घाला आणि टाकाभर पुढे, फासाच्या आतून वर काढा. ओढा, फास टेकला की थांबा. पुढची कडी या कडीतून निघते. शेवटच्या कडीवर एक बारीक आडवा टाका घालून तिला बांधा. नाही बांधली, तर सगळी साखळी एका ओढीत उसवते. साखळी, उलटी टीप, गहू टाका, काजे टाका: पुढे या सगळ्यांना वेळ आहे. पण दाट भरीव काम करायचं असेल, तर पुढच्या वेळी ते थर घालायच्या आधी, वरच्या एकट्या तुकड्यावर रिंग लावून करा. चार थरांतून भरीव टाका घातला, की कापड आखडतं आणि त्या जागेचा मऊपणा जातो.

काम करताना बोटाला सुई टोचून रक्ताचा ठिपका पडला, तर लगेच थंड पाणी लावा. गरम लावू नका, डाग बसतो.

कडांचं सोपं आहे. वरचा आणि खालचा थर एकेक बोट आत दुमडा, मधले दोन थर त्या घडीच्या आत येतील एवढे कापा, आणि दोन्ही घड्या एकमेकींना लावून हातशिलाईने जोडा. दुमडता येण्याइतकं कापड उरलं नसेल, तर जुन्या साडीच्या काठाची पट्टी चारही बाजूंनी लावा. गोधडीला काठ नेहमीच शोभतो. कोपऱ्यांवर एक टाका जास्त घाला, कारण फाटायची सुरुवात तिथून होते. मग कच्चा दोरा काढून टाका.

आता ती धुवायची आहे. इथे पुष्कळ नवशिके कचरतात. इतक्या दिवसांचं काम पाण्यात घालायचं म्हणजे जिवावर येतं. पण धुतल्याशिवाय गोधडी होत नाही. साध्या पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवा, आणि सपाट पसरून उन्हात वाळवा, मध्ये एकदा उलटून. पेन्सिलीच्या रेघा फिकट होतील. ओळींमधलं कापड किंचित आखडून फुगेल आणि सगळ्या चौकोनावर बारीक लाटा उमटतील. ज्यांनी आधी फक्त दुकानातल्या सपाट रजया बघितल्या आहेत त्यांना वाटतं, की काम बिघडलं. बिघडलेलं नाही. दोऱ्याने थर धरले आहेत आणि कापड त्याला उत्तर देतंय. पुन्हा एकदा डोळे मिटून तळहात फिरवा, या काठापासून त्या काठापर्यंत. पहिल्या दिवशी विरळ लागलेल्या जागा आता शोधा.

मग ती वापरायला काढा. चौकट करून भिंतीवर लावायला मी सांगणार नाही, निदान पहिली तरी नाही. तिच्यावर बसा, तिच्यावर ताट ठेवा, बाळ असेल तर त्याला तिच्यावर पालथं पडू द्या. एखादा टाका तुटेल, तेव्हा सुई ओवून तो परत घाला. दुरुस्ती करताना हात आणखी शिकतो.

यथावकाश मोठीचा विचार मनात येईल. नऊवारी लुगडं लांबीला चार घड्या घालून अंथरलं, की दोन मीटरच्या आसपास लांब, मीटरभराहून थोडं रुंद आणि चार थरांचं पांघरूण तयार होतं. त्याला कापावं लागत नाही, जोडावं लागत नाही. पण त्या गोधडीला एकट्याने बसू नका. शेतीची कामं हलकी झाली, की उन्हाळ्यात गावातल्या बायका एकमेकींच्या अंगणात जाऊन गोधड्या पुऱ्या करत, आज हिची, उद्या तिची. शहरातल्या सोसायटीत किंवा परदेशातल्या मराठी घरातही तेवढं जमवता येतं. ज्यांना शिवता येतं अशा एक-दोघींना आणि ज्यांना मुळीच येत नाही अशा एक-दोघांना बोलवा, पुरुषांनाही. फरशीवर चार बाजूंना चौघं बसतील एवढी जागा करा, सुया आधीच ओवून ठेवा, आणि कच्चा दोरा आदल्या दिवशी घालून ठेवा, म्हणजे आल्या आल्या प्रत्येकाला आपापली ओळ सुरू करता येईल.